गाठीतला चालू कारखाना

घरात कुणाला कर्करोग झाल्याचे कळले की स्वयंपाकघरातला पहिला बदल साखरेच्या डब्यापासून सुरू होतो. चहा बिनसाखरेचा होतो, गूळ बंद होतो, कुठे कुठे ताटातून भातही जातो. रुग्णाच्या पोटात चार घास जास्त जायला हवेत, नेमके त्याच दिवसांत ताट रिकामे होऊ लागते. त्यामागे एक ऐकीव समजूत असते: कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात, कारण त्यांची श्वसनाची यंत्रणा मोडलेली असते. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसरा भाग बहुतेक कर्करोगांना लागू पडत नाही, आणि ही चूक किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पेशीत श्वसन घडवून आणणाऱ्या तंतुकणिका गाठीतही चालू असतात आणि गाठ वाढण्यासाठी त्या चालू असाव्याच लागतात. त्यांच्यातली काही प्रथिने नव्या पेशींसाठी कच्चा माल तयार करतात. काही बिघडली, तर पेशीच्या केंद्रकापर्यंत खोटा निरोप पोचतो. काही पेशीच्या मरणाचा दरवाजा लावून धरतात. तंतुकणिका मोडल्याने कर्करोग होतो असे मानण्यापेक्षा कर्करोग तंतुकणिकेला आपल्या कामाला जुंपतो असे मानले, तर गेल्या तीस वर्षांतला पुरावा नीट जुळतो. शिवाय काही औषधे का लागू पडली आणि काही का फसली, याचाही उलगडा होतो.

ही समजूत ऐकीव असली तरी तिचे मूळ एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या कामात आहे. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांनी उंदरांच्या गाठींचे अतिशय पातळ काप काढले, ते बंद भांड्यांत ठेवले आणि किती प्राणवायू खर्च होतो, किती आम्ल तयार होते, हे वायूच्या दाबावरून मोजले. निरोगी ऊतीला प्राणवायू मिळाला की ती ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन करते. गाठीचे काप मात्र प्राणवायू हाताशी असतानाही ग्लुकोज भराभर अर्धवट तोडून त्याचे लॅक्टिक आम्ल बनवत होते. दूध विरजताना जिवाणू बनवतात तेच हे आम्ल. या अर्धवट विघटनातून ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, अवघे २ रेणू हाती लागतात; तंतुकणिकेत पूर्ण ज्वलन झाले तर सुमारे ३०. इतका तोट्याचा व्यवहार पेशी का करील? वारबुर्ग यांचे उत्तर होते की तिच्यापुढे दुसरा मार्गच उरलेला नसतो. श्वसनाच्या विकरावरील कामासाठी १९३१चे नोबेल मिळवणाऱ्या या माणसाने १९५६ साली ठामपणे लिहिले की श्वसनाला झालेली कायमची इजा हेच कर्करोगाचे मूळ आहे. सिडनी वाइनहाउस या संशोधकांनी त्याच वर्षी हरकत घेतली: गाठीच्या पेशी प्राणवायू वापरताना दिसतात, मग इजा नेमकी कुठे आहे? वारबुर्ग यांनी ही हरकत मानली नाही. त्यांचे मोजमाप अचूक होते, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला होता. आणि मोजमापाच्या पुण्याईवर तो निष्कर्ष कितीतरी वर्षे टिकून राहिला.

यावर आजचा वाचक पेट स्कॅनकडे बोट दाखवील, आणि ते रास्तच आहे. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झालेली ही तपासणी आता महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत होते. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज शिरेतून देतात आणि जिथे ते साचते ती जागा चित्रात उजळते. गाठ उजळते ती जास्त ग्लुकोज ओढते म्हणूनच; वारबुर्ग यांच्या निरीक्षणाचा हा रोजच्या वापरातला पुरावा आहे. पण हे चित्र काय सांगत नाही, तेही पाहायला हवे. फ्लोरिन जोडलेल्या या ग्लुकोजवर हेक्झोकायनेज नावाचे विकर पहिली खूण करते आणि तो रेणू तिथेच अडकतो. पुढच्या पायरीवर तो जाऊ शकत नाही. साध्या ग्लुकोजचे पुढे लॅक्टिक आम्ल झाले असते की ते तंतुकणिकेत गेले असते, हे या तपासणीतून कळणे शक्यच नसते. निरोगी मेंदूही याच चित्रात लख्ख उजळतो, आणि मेंदू तर तंतुकणिकांवर जगणारा अवयव आहे. अडकलेल्या साखरेच्या पुढे काय घडते हे पाहण्यासाठी टेक्सासमधल्या डॅलस इथे राल्फ डीबेरार्डिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेला निघालेल्या रुग्णांना जड कार्बनचे, किरणोत्सारी नसलेले ग्लुकोज दिले आणि काढलेल्या गाठीत तो कार्बन कुठे पोचला ते तपासले. २०१२ साली मेंदूच्या आणि २०१६ साली फुप्फुसाच्या गाठींत तो क्रेब्ज चक्रातल्या, म्हणजे तंतुकणिकेत ज्वलन ज्या रासायनिक फेऱ्यातून चालते त्यातल्या, आम्लांमध्ये सापडला. म्हणजे जिवंत माणसाच्या शरीरातली गाठ साखर आंबवतही होती आणि जाळतही होती. आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी: साखरेला पहिली खूण करणारे हेक्झोकायनेज अनेक गाठींत तंतुकणिकेच्या बाहेरच्या आवरणाला, तिथल्या एका दारासारख्या प्रथिनाला चिकटून बसलेले असते आणि आतून येणारे ताजे एटीपी वापरते. वारबुर्ग यांनी पाहिलेल्या घाईची सुरुवातही तंतुकणिकेच्या उंबऱ्यावरच होते.

पण ऊर्जा जर ग्लुकोजच्या अर्धवट विघटनातूनही मिळते, तर गाठीला तंतुकणिका हवी कशाला? इथे शाळेच्या पुस्तकातले ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ हे वर्णन आड येते. त्यापेक्षा आपल्याकडचा साखर कारखाना डोळ्यांपुढे आणावा. उसाचे गाळप झाले की साखर निघते, चिपाडावर बॉयलर पेटतो आणि वीज तयार होते, मळीपासून अल्कोहोल बनते, प्रेसमड शेतात खत म्हणून जाते. फक्त विजेचा मीटर पाहून अशा कारखान्याचे मोल कळणार नाही. तंतुकणिकेचेही तसेच आहे. दुभंगणाऱ्या पेशीला एका पेशीच्या दोन पेशी करायच्या असतात; त्यासाठी आवरणांना लागणारी स्निग्धाम्ले हवीत, प्रथिनांसाठी अमिनो आम्ले हवीत, नव्या डीएनएसाठी अक्षरे हवीत. क्रेब्ज चक्रातून सायट्रिक आम्ल मधेच बाहेर काढून पेशी त्याची चरबी बनवते, ऑक्झॅलोअॅसेटिक आम्लापासून अॅस्पार्टिक आम्ल करते, आणि चक्रात पडलेली तूट ग्लुटामिन या अमिनो आम्लाने भरून काढते. हा सारा व्यवहार तंतुकणिकेतल्या विकरांवर चालतो.

याचा पुरावा मिळाला तो तंतुकणिका मुद्दाम अधू करून. १९८९ साली किंग आणि अतार्दी या संशोधकांनी मानवी पेशींतून तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए पूर्ण घालवला. अशा पेशी श्वसन करू शकत नाहीत. तरी त्या भांड्यात जगल्या, पण पायरुविक आम्ल आणि युरिडीन वरून पुरवले तरच. युरिडीन हा आरएनएचा घटक आहे, इंधन नव्हे. २०१५ साली न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधल्या मॅलघन संस्थेत माइक बेरिज यांच्या गटाने असा डीएनए घालवलेल्या कर्कपेशी उंदरांच्या अंगात सोडल्या. गाठी उशिरा आल्या, आणि आल्या तेव्हा त्यांच्या तंतुकणिकांत यजमान उंदराचा डीएनए सापडला. आसपासच्या निरोगी पेशींकडून तंतुकणिका मिळवल्यावरच त्यांची वाढ सुरू झाली होती. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या दोन गटांनी दाखवले की श्वसनसाखळी, म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारी तंतुकणिकेतली प्रथिनांची साखळी, बंद पाडलेल्या पेशींची वाढ थांबते त्याचे एक मोठे कारण अॅस्पार्टिक आम्लाचा तुटवडा हे असते. ते बाहेरून पुरवले की श्वसन बंद असूनही पेशी पुन्हा दुभंगू लागतात. २०१९ साली बेरिज यांच्या सहकाऱ्यांचा पुढचा प्रयोग आला. त्यांनी कर्कपेशींत एटीपी बनवणारे तंतुकणिकेतले प्रथिन निकामी केले, तरी गाठ वाढतच राहिली. मग डायहायड्रोओरोटेट डीहायड्रोजनेज हे तंतुकणिकेच्या आतल्या आवरणावरचे विकर काढले, तेव्हा वाढ अडली. हे विकर डीएनए आणि आरएनएची काही अक्षरे घडवण्याच्या वाटेवर एक पायरी पार पाडते, आणि त्यासाठी श्वसनसाखळी चालू लागते. ‘ऊर्जाकेंद्र’ हे वर्णन अपुरे का, याचे इतके स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्या प्रयोगाने दिले असेल असे मला वाटत नाही. त्या गाठीने तंतुकणिकेतल्या विजेशिवाय भागवले. डीएनएची अक्षरे मात्र तिला तिथूनच हवी होती.

आता दुसरी बाजू पाहू. काही कर्करोगांत तंतुकणिकेतली प्रथिने खरोखरच मोडलेली असतात. माणसाच्या तंतुकणिकेत हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने आहेत. तिच्या स्वतःच्या डीएनएत, म्हणजे १९८१ साली वाचून पूर्ण झालेल्या १६,५६९ अक्षरांच्या वर्तुळात, त्यांतल्या फक्त १३ प्रथिनांची कृती लिहिलेली आहे. बाकीची सगळी केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर बनतात आणि मग आत जातात. अशा बाहेर बनणाऱ्या एका प्रथिनाची गोष्ट मानेत सुरू होते: तिथे धमनी जिथे दुभागते त्या जागी तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. रक्तातला प्राणवायू कमी झाला की मेंदूला कळवणे हे त्याचे काम. अँडीज पर्वतातल्या विरळ हवेत राहणाऱ्या लोकांत या अवयवाच्या गाठी जास्त आढळतात. काही कुटुंबांत त्या मैदानात राहूनही पिढ्यानपिढ्या होतात, आणि २००० साली त्यामागचे जनुक सापडले, ते सक्सिनेट डीहायड्रोजनेज या विकराच्या एका भागाचे. हे विकर क्रेब्ज चक्रातही असते आणि श्वसनसाखळीतही. तंतुकणिकेचा डीएनए आईकडूनच येतो, पण हे जनुक केंद्रकात, अकराव्या गुणसूत्रावर आहे, आणि त्यातला दोष वडिलांकडून आला तरच सहसा गाठ होते.

हा दोष गाठ कशी घडवतो, याचा उलगडा २००५ साली ग्लासगोमधल्या संशोधकांनी केला. पेशीत एचआयएफ नावाचे प्रथिन सतत बनत असते. प्राणवायू पुरेसा असेल तर काही विकरे त्यावर खूण करतात आणि ते नष्ट केले जाते. प्राणवायू घटला की ते शिल्लक राहते, केंद्रकात जाते आणि नव्या रक्तवाहिन्या व जास्त साखर मागवणारी जनुके जागी करते. ही संपूर्ण यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१९चे वैद्यकाचे नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळाले. खूण करणाऱ्या विकरांच्या कामातून सक्सिनिक आम्ल बाहेर पडते. सक्सिनेट डीहायड्रोजनेज मोडले की हेच आम्ल तंतुकणिकेतून ओसंडून बाहेर येते आणि त्या विकरांची वाट अडवते. प्राणवायू भरपूर असूनही पेशीला तो कमी पडल्याचा निरोप जातो. चक्रातल्या पुढच्या विकराचे, फ्युमरेट हायड्रेटेजचे, असेच आहे. त्याचा दोष त्वचेच्या आणि गर्भाशयाच्या गाठी आणि मूत्रपिंडाचा एक आक्रमक कर्करोग घडवतो, हे २००२ साली कळले. इथे वारबुर्ग बरोबर होते असे वाटू शकते. पण या पेशी ऊर्जेवाचून तडफडून कर्करोगी झालेल्या नाहीत. साचलेल्या एका आम्लाला पेशी संदेश म्हणून वाचते, आणि तो संदेश खोटा असतो.

आयसोसायट्रेट डीहायड्रोजनेज या आणखी एका विकराने ही गोष्ट आणखी पक्की केली. त्याचे एक रूप पेशीरसात असते, दुसरे तंतुकणिकेत. २००८ साली पहिल्या रूपातला बदल मेंदूच्या गाठींत सापडला, लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्या रूपातलाही. जागा ठरावीक, एकाच अक्षराचा बदल पुन्हा पुन्हा. विकर नुसते मोडायचे असते, तर ते कुठेही मोडले असते. २००९ साली कळले की बदललेले विकर नवेच काम करू लागते: अल्फा-कीटोग्लुटारेटपासून ते २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा पदार्थ बनवते, जो निरोगी पेशीत नगण्य असतो. तो डीएनएवरच्या रासायनिक खुणा पुसणाऱ्या विकरांना अडवतो आणि पेशी अपक्व राहते. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या साधारण दहातल्या एका रुग्णात तंतुकणिकेतल्या रूपाचा हा दोष असतो. त्याला रोखणारे एनासिडेनिब हे औषध २०१७ साली अमेरिकेत मान्य झाले. आधीच्या उपचारांना न जुमानलेल्या किंवा उलटलेल्या आजाराच्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांत त्याचा परिणाम दिसला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे या औषधाने ल्युकेमियाच्या पेशी थेट मारल्या जात नाहीत, त्या पक्व होऊ लागतात. पुढच्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत मात्र प्रचलित उपचारांपेक्षा आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणून या औषधाकडे मी विजय म्हणून पाहत नाही. रोगाची यंत्रणा नेमकी कळल्याचा तो पुरावा आहे.

एक गंभीर आक्षेप उरतो. हजारो गाठींचे जनुकवाचन झाल्यावर मूत्रपिंड, थायरॉइड आणि मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत गंभीर मोडतोड सापडली आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण श्वसनसाखळीची पहिली कडी जिथे पूर्ण निकामी होते, त्या ऑन्कोसायटोमा नावाच्या गाठी पाहाव्यात. त्यांच्या पेशी सदोष तंतुकणिकांनी फुगलेल्या असतात, आणि तरी मूत्रपिंडातल्या अशा गाठी सहसा सौम्य राहतात, पसरत नाहीत. श्वसनाची इजा हेच कर्करोगाचे इंजिन असते, तर याच गाठी सर्वांत घातक ठरायला हव्या होत्या.

मरणाच्या दरवाजाची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. फॉलिक्युलर लिम्फोमा या कर्करोगात चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात आणि बीसीएल-२ या प्रथिनाचे उत्पादन बेसुमार वाढते. कर्करोगाचे जनुक म्हणजे पेशीला भराभर दुभंगायला लावणारे जनुक, अशी तेव्हाची धारणा होती. १९८८ साली मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत डेव्हिड व्हॉक्स यांनी दाखवले की बीसीएल-२ दुभंगण्याचा वेग वाढवत नाही. ते पेशीला मरू देत नाही. हे प्रथिन बसते कुठे, तर मुख्यतः तंतुकणिकेच्या बाहेरच्या आवरणावर. तिथेच का, हे १९९६ साली शाओडाँग वांग यांच्या प्रयोगातून समजले. सायटोक्रोम-सी हे श्वसनसाखळीतले जुने परिचित प्रथिन, इलेक्ट्रॉन पोचवणारे. तेच तंतुकणिकेतून बाहेर पेशीरसात सांडले की पेशीला आतून कापून काढणारी विकरे जागी होतात. आत असताना ज्याच्यावर जगणे चालते, बाहेर आल्यावर त्यानेच मरण सुरू होते. बाहेरच्या आवरणाला भोके पाडण्याचे काम बॅक्स आणि बॅक ही प्रथिने करतात. बीसीएल-२ त्यांना आणि त्यांना चेतवणाऱ्या, मरणाचा निरोप आणणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवते. डीएनए बिघडलेल्या पेशीने स्वतःहून मरावे अशी शरीराची योजना असते, आणि बीसीएल-२ने दार लावून धरल्यामुळे ती पेशी मागे उरते.

व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२च्या त्याच खाचेत जाऊन बसते जिथे ते मरणाचे निरोपे अडकवून ठेवते. २०१६ साली ते दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियासाठी मान्य झाले. उलटलेल्या आजाराच्या ११६ रुग्णांच्या चाचणीत ७९ टक्क्यांना गुण आला. ल्युकेमियाच्या पेशी इतक्या झपाट्याने फुटू लागल्या की त्यांतून बाहेर पडणारे क्षार आणि आम्ले मूत्रपिंडाला झेपेनात. म्हणून आजही हे औषध २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ४०० मिलिग्रॅमपर्यंत चढवतात.

मग एकेका प्रथिनाच्या मागे कशाला लागायचे, गाठीला तंतुकणिका हवीच असेल तर तीच बंद का करू नये, असा प्रश्न येतो. तो करून पाहिला गेला आहे. आयएसीएस-०१०७५९ हे श्वसनसाखळीची पहिली कडी अडवणारे जोरकस औषध प्राण्यांत प्रभावी ठरले होते. माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांत रक्तातले लॅक्टिक आम्ल वाढले, मज्जातंतूंना इजा झाली, आणि सोसवेल एवढ्या मात्रेत गुण फारसा दिसला नाही. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची साधी गोळी त्याच कडीला हलकेच अडवते म्हणून तिच्यावर मोठी आशा होती. मधुमेह नसलेल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या ३,६४९ रुग्णांची चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. आजार उलटण्याचे प्रमाण गोळीने घटले नाही. मज्जातंतू आणि हृदय यांनाही तीच कडी लागते. सरसकट अडवणूक केली तर गाठीच्या आधी तेच कोलमडतात. साखर तोडण्याच्या सल्ल्यातही हाच दोष आहे, आणखी बोथट रूपात. ताटातली साखर गेली तरी यकृत स्नायूंतल्या प्रथिनांपासून ग्लुकोज बनवत राहते, गाठीला ते मिळत राहते, आणि झीज होते ती रुग्णाच्या स्नायूंची.

नेमका नेम धरणेही सोपे नाही. व्हेनेटोक्लॅक्स दीर्घकाळ घेतलेल्या काही रुग्णांत बीसीएल-२च्या खाचेतलेच एक अमिनो आम्ल बदलल्याचे आढळले आहे. औषध तिथे नीट बसत नाही, मरणाचे निरोपे मात्र पूर्वीसारखेच अडकतात. दुसऱ्या काही पेशी बीसीएल-२ सोडून एमसीएल-१ या त्याच्या भाऊबंदाचा आधार घेतात. साहजिकच एमसीएल-१ला रोखणारी औषधे तयार झाली. त्यांच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा काही रुग्णांच्या रक्तात हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण असलेले ट्रोपोनिन वाढू लागले आणि काही चाचण्या थांबवाव्या लागल्या. हृदयाच्या पेशी जन्मभरात क्वचितच नव्याने बनतात, आणि त्यांच्या तंतुकणिका शाबूत ठेवण्याचे काम एमसीएल-१ करते. ल्युकेमियाच्या पेशीतले तेच प्रथिन अडवायचे आणि हृदयातले सोडायचे, हे मात्रेच्या आणि वेळापत्रकाच्या बळावर जमते का, याचा शोध सध्या चालू आहे.